सामू 7.3 म्हणजे ॲसिड नव्हे, तरीही शार्कचे दात झिजतात

ऑगस्ट 2025 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठातून शार्कच्या दातांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बघता बघता तो सोलापुरातल्या मोबाइलांवर ‘समुद्राचं ॲसिड झालं, शार्क बोळके होणार’ अशा थाटात फिरू लागला. मुंबईचा समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटरवर, आपली मासळी म्हणजे उजनीची चिलापी. मग खात्री कोण करणार? त्यावर दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांचं उत्तर तयारच होतं: 7 च्या वर सामू (पीएच, पाण्याच्या आम्लतेचं माप) आहे ना, मग पाणी आम्लारिधर्मीच, म्हणजे ॲसिडच्या उलट, उगीच घाबरवताय. दोघंही चुकतात, आणि दुसऱ्यांची चूक मला जास्त मजेदार वाटते.

आधी प्रयोग काय होता ते पाहू. ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातल्या रीफ शार्कचे (पंखांची टोकं काळी असणारी ही जात आपल्या लक्षद्वीपलाही आहे) आपोआप गळून पडलेले दात गोळा केले. काही दात 8.1 सामूच्या खाऱ्या पाण्यात आणि काही 7.3 च्या पाण्यात 8 आठवडे ठेवले. 8.1 हा आजच्या समुद्राचा सामू. 7.3 हा, कार्बन डायऑक्साइड असाच सोडत राहिलो तर 2300 सालच्या सुमाराचा अंदाज. 7.3 च्या पाण्यातल्या दातांवर भेगा आणि छिद्रं जास्त दिसली, मुळांची झीजही जास्त होती.

समुद्रात हे होतं कसं? हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. गड्ड्याच्या जत्रेत आपण जो सोडा पितो त्याच्या बाटलीतली रासायनिक क्रिया हीच, फक्त तिथे वायू दाबाने कोंबलेला असतो. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र पितो. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचं 1320 मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. त्याच्या चिमणीतून निघालेला वायू वर्षभरात जगभरच्या हवेत मिसळतो. त्यामुळे ‘आपला समुद्राशी काय संबंध’ हा प्रश्न इथे चालत नाही.

सामू हे या हायड्रोजन आयनांचंच उलटं माप, आणि त्याची पट्टी दहाच्या पटीत चालते: सामू 1 ने उतरला की आयन दहापट. 8.2 चा 8.1 झाला, म्हणजे औद्योगिक क्रांतीनंतर आजवर जे झालं, तेवढ्यात हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून अधिक वाढले. 8.1 चा 7.3 झाला तर ते सव्वासहा पट होतील.

आता माझा आवडता भाग. आपल्या दातावरचं एनॅमल हायड्रॉक्सिॲपॅटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचं असतं. शार्कच्या दाताचा बाहेरचा थर जवळजवळ निव्वळ फ्लोरापॅटाइटचा (त्याच खनिजाचा फ्लोराइडवाला भाऊ), म्हणजे फ्लोराइडची टूथपेस्ट जे किंचित करू पाहते ते त्याच्याकडे जन्मजात. फ्लोरापॅटाइट विरघळायला जास्त चिवट. तरी दंतवैद्य सांगतात की आपलं एनॅमल साधारण 5.5 सामूपर्यंत तग धरतं, आणि शार्कचा दात मात्र 7.3 ला झिजतो. हे कसं?

स्फटिकाला 7 हा आकडा माहीतच नसतो. त्याला एवढंच कळतं की आजूबाजूच्या पाण्यात आपल्याच घटकांचे आयन पुरेसे आहेत की नाहीत. दाताच्या पृष्ठभागावरून कॅल्शियम आणि फॉस्फेट सतत सुटत असतात आणि पाण्यातून परतही येत असतात. दोन्ही वेग सारखे असले की दात जसाच्या तसा. हायड्रोजन आयन वाढले की ते सुट्या फॉस्फेटला चिकटतात. असं हायड्रोजन चिकटलेलं फॉस्फेट स्फटिकाच्या जागेत नीट बसत नाही. म्हणजे सुटणारे सुटत राहतात, परतणारे कमी होतात, आणि तूट भरून काढायला स्फटिक आणखी विरघळतो. आपल्या लाळेत फॉस्फेट भरपूर असतं, म्हणून ही तूट यायला सामू बराच खाली जावा लागतो. समुद्रात कॅल्शियम मुबलक, पण फॉस्फेट लाळेच्या मानाने हजारो पटींनी कमी. तिथे तूट फार लवकर येते. दाताच्या मुळाशी असणारं डेंटिन (बाहेरच्या टणक थराखालचा हाडासारखा भाग) तर बारीक स्फटिकांचं आणि सच्छिद्र, पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तिथली झीज आधी दिसते.

जिवंत शार्कचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या एका लहानशा शायशार्कवरचा अभ्यास 2019 साली आला. 7.3 सामूच्या पाण्यात या माशांनी रक्तात आम्ल शमवणारं बायकार्बोनेट वाढवून आतला तोल सांभाळला. पण शार्कची कातडीही अतिशय बारीक दातांनीच मढलेली असते आणि त्या दातांना रक्तातली तजवीज उपयोगी पडत नाही. 9 आठवड्यांनी त्यातले सरासरी 25 टक्के दात खराब दिसले, नेहमीच्या पाण्यातल्या माशांत 9 टक्के. तपासलेले मासे मोजकेच होते, हेही लक्षात ठेवावं. आणि जर्मन प्रयोगातले दात तर जबड्याबाहेरचे. जिवंत शार्क आयुष्यभर जुने दात टाकून नवे उगवत असतो.

आम्लता वाढलेल्या पाण्यात शार्कची वास घेण्याची क्षमता मंदावते असंही 2015 च्या एका प्रयोगात दिसलं होतं. मात्र आम्लीकरणाने प्रवाळांतल्या माशांचं वागणं बिघडतं, हा तसाच दावा 2020 साली मोठ्या प्रमाणावर तपासला गेला तेव्हा टिकला नाही. त्यामुळे वासाच्या गोष्टीवर मी इतक्यात पैज लावणार नाही.

जाता जाता: ‘शार्कला कॅन्सर होत नाही’ म्हणून त्याच्या कूर्चेच्या कॅप्सूल खपवल्या जातात. शार्कला गाठी होतात, त्यांच्या नोंदी आहेत, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर कूर्चेचा अर्क तपासला तेव्हा फायदा दिसला नाही. त्या पैशांत शेंगाचटणी घ्या.

शार्कवरचं आजचं संकट मात्र सामूचं नाही, जाळ्याचं आहे. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 1970 पासून सुमारे 71 टक्क्यांनी घटली, आणि तिचं मुख्य कारण बेसुमार मासेमारी. भारताने 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. 2300 सालच्या पाण्यात दात किती झिजतील हे मोजायला तेव्हा शार्क शिल्लक असावे लागतील.