गोळीबंद पाक ते मेणाचे मणी

घरी वॅक्स किती अंशांवर तापवायचं, हा प्रश्न खान्देशातल्या आज्यांना कधी पडलाच नाही. बाळाची लव काढायची ती तेल-हळदीच्या कणकेचा गोळा अंगावर फिरवून, आणि नवरीला डाळीच्या पिठाचं उटणं. भाजायची भीतीच नव्हती.

साखर-लिंबाच्या पाकाने केस ओढून काढायची रीत अरबी-इराणी मुलखातली, जुनी. अरबीत साखरेला ‘सुक्कर’ म्हणतात, आणि तो शब्द मूळचा आपल्या ‘शर्करा’चाच. आमच्या घरात हे वॅक्स शिरलं ते धुळ्याच्या मावशीने ब्युटीपार्लरचा क्लास लावला तेव्हा. पातेल्यात साखर, लिंबाचा रस, थोडं पाणी. पाकाला मधाचा रंग आला की वाटीभर गार पाण्यात थेंब टाकायचा आणि चिमटीत गोळी वळते का बघायची. हा लाडवाचा गोळीबंद पाकच, साधारण ११८ ते १२० अंश सेल्सिअसचा. थर्मामीटरची गरज तिला कधी वाटली नाही. लिंबू वासासाठी नसतं बरं का; त्याच्या आंबटपणाने साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, म्हणून पाक साखरत नाही.

घोळ होतो तो इथेच. १२० अंश हे पाक शिजवायचं तापमान, अंगाला लावायचं नव्हे. शिवाय या वॅक्सला ठरावीक वितळणबिंदूच नाही; गारठ्यात दगड, उन्हाळ्यात काकवी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की फडताळातला डबा आपसूक पातळ होतो. मावशी तेव्हा सकाळी सातलाच बायकांना बोलवायची. पावसाळ्यात तेच वॅक्स हवेतली ओल ओढून चिकचिकतं.

मेणाचं गणित वेगळं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्याच्या खाली घट्ट. त्यात चिडाच्या झाडाची राळ घातली की केस धरणारा चिकटपणा येतो. पार्लरमधलं कटोरी वॅक्स याच घराण्यातलं, पट्टी न लावता ओढायचं. हल्ली ऑनलाइन मिळणारे वॅक्सचे मणीही तसेच.

किती गरम म्हणजे फार गरम, याचं जुनं मोजमाप आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की ४४ अंशांना कातडी खोलवर भाजायला सहाएक तास लागतात, ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद. त्यात वॅक्स अंगाला चिकटून बसतं, पाण्यासारखं ओघळून जात नाही.

मावशीने एकदा घाईत डबा सरळ गॅसवर ठेवला होता. वरून घट्ट दिसलं, तळाशी उकळत होतं. ‘व माय!’ एवढंच ऐकू आलं. तेव्हापासून डबा पाण्याच्या पातेल्यात, खाली फडक्याची घडी. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे डबाही नाही. गॅस बंद केला की तळापासून ढवळायचं, आणि पहिला थेंब आपल्याच मनगटावर.