विस्थापित नगरपालिका

विस्थापित नगरपालिका : शत्रूच्या सैन्याने शहर बळकावल्यावर तेथून बाहेर पडून, त्याच देशाच्या सरकारच्या ताब्यातील भागातून आपल्या रहिवाशांसाठी काम चालू ठेवणारी स्थानिक स्वराज्य संस्था. अख्खे सरकार परदेशी आश्रयाला जाते तेव्हा त्याला निर्वासित सरकार म्हणतात. विस्थापित नगरपालिका स्वतःच्याच देशात बेघर झालेली असते. तिच्यापाशी हद्द उरत नाही, पाण्याच्या टाक्या, रस्ते, कचरागाड्या उरत नाहीत, घरपट्टी वसूल करता येत नाही. उरतात ती दहा ठिकाणी पांगलेली माणसे आणि त्यांच्या नोंदी. तरीही असे प्रशासन टिकवून धरणे निष्फळ नसते. शहर सोडावे लागलेल्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर देणारे कार्यालय कुठेतरी उघडे असावे लागते.

या प्रकाराची सर्वांत मोठी उदाहरणे आज युक्रेनमध्ये आहेत. सर्वांत जुने, अखंड चालू असलेले उदाहरण सायप्रसचे आहे. अझरबैजाननेही आर्मेनियन फौजांच्या ताब्यात गेलेल्या अग्दाम, शुशा यांसारख्या जिल्ह्यांची प्रशासने १९९० च्या दशकापासून विस्थापितांच्या वस्त्यांतून चालवली; पण तेथील प्रमुख सरकारनियुक्त असल्याने ती स्थानिक स्वराज्यापेक्षा सरकारी खात्यांच्याच जवळची होती.

मारियुपोल हे अझोव समुद्राच्या काठचे, कालमियुस नदीच्या मुखावरचे पोलादाचे शहर. युद्धापूर्वीची लोकसंख्या सुमारे सव्वाचार लाख. शहराला हा अनुभव आधी दुसऱ्या बाजूने आला होता. २०१४ मध्ये दोनेत्स्क शहर रशियाधार्जिण्या फुटीरवाद्यांच्या हाती गेल्यावर दोनेत्स्क प्रांताचे प्रशासन मारियुपोलमध्ये हलवले गेले आणि काही महिन्यांनी क्रामातोर्स्कला गेले. म्हणजे आठ वर्षांपूर्वी या शहराने विस्थापित कचेरीला जागा दिली होती. २०२२ मध्ये त्याच्यावरच जागा मागण्याची वेळ आली.

रशियाचे आक्रमण २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाले आणि मार्चच्या आरंभी शहराभोवतीचा वेढा पूर्ण झाला. वीज, पाणी, गॅस आणि मोबाइलचे जाळे एकामागोमाग बंद पडले. लोकांनी बर्फ वितळवून पाणी मिळवले आणि इमारतींच्या आवारात चुली मांडून अन्न शिजवले. ९ मार्चला प्रसूती रुग्णालयावर, १६ मार्चला नाट्यगृहावर बॉम्ब पडले. नाट्यगृहात शेकडो लोक आसऱ्याला होते आणि बाहेर जमिनीवर ‘मुले’ असा शब्द आकाशातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. अझोवस्ताल कारखान्यातील शेवटच्या सैनिकांनी २० मे पर्यंत शस्त्रे खाली ठेवली. एप्रिलमध्येच रशियाच्या बाजूने कोस्त्यांतिन इवाश्चेन्को यांना ‘महापौर’ नेमण्यात आले होते. एका शहराच्या नावाने तेव्हापासून दोन प्रशासने बोलू लागली.

निवडून आलेली परिषद आणि महापौर वादिम बॉयचेन्को यांनी शहराबाहेरून काम सुरू केले. वेढ्याच्या काळात महापौर शहरात नव्हते, यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली. मारियुपोलकरांचा तो राग समजण्यासारखा आहे. पण पुढच्या कामाचे मोल त्या रागापायी कमी लेखता येत नाही. वेढ्यातून निसटलेली माणसे वासिलिव्काच्या तपासणी नाक्यावरून युक्रेनच्या ताब्यातल्या झापोरिझ्झिया शहराला पोहोचत. काचा फुटलेल्या, आरशाला पांढरी फडकी बांधलेल्या गाड्यांचे तांडे एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर येऊन थांबत. तेथे नावे लिहून घेणे, औषध, जेवण, रात्रीचा निवारा आणि पुढच्या प्रवासाची सोय एवढे सगळे एकाच जागी लागत असे.

यातूनच ‘मी मारियुपोल’ या नावाची मदतकेंद्रे उभी राहिली. मारियुपोलचे लोक जेथे मोठ्या संख्येने पोहोचले तेथे ती निघाली आणि पुढे देशभरातल्या डझनाहून अधिक शहरांत त्यांचे जाळे झाले. प्रत्येक केंद्र एक छोटी नगरपालिकाच असते. एका टेबलावर शिधा आणि साबण-टूथपेस्टचे संच, दुसऱ्यावर वकील, आत डॉक्टर आणि समुपदेशक, कोपऱ्यात मुलांना खेळायला जागा. टेबलामागे बसणारेही बहुधा मारियुपोलचेच विस्थापित असतात. गल्ली कोणती, शाळा कोणती, ट्रामचा थांबा कोणता हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. ज्याने घर, आणि कित्येकदा घरातली माणसे गमावली आहेत, त्याला हा फार मोठा दिलासा आहे. परक्या शहरातल्या अनोळखी कारकुनाकडून तो मिळत नाही. शहरातली उच्चशिक्षणाची केंद्रेही अशीच हलली : मारियुपोल राज्य विद्यापीठ कीवला गेले, तंत्रविद्यापीठ द्निप्रो शहराला.

शिधावाटप डोळ्यांना दिसते, पण या संस्थांचे खरे काम कागदांचे आहे. २०२२ मध्ये विस्थापित म्हणून दाखला मिळाला की युक्रेनमध्ये प्रौढाला महिना २,००० आणि मुलाला किंवा अपंग व्यक्तीला ३,००० ऱ्हिवन्या (युक्रेनचे चलन) असा भत्ता लागू होत असे. जळालेल्या घरात पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेची प्रमाणपत्रे गेलेली असतील तर ती नव्याने मिळवावी लागतात. मृत्यूची नोंद त्याहून कठीण. व्यापलेल्या शहरात रशियन कचेरीने दिलेला जन्माचा वा मृत्यूचा दाखला युक्रेन मानत नाही. त्यासाठी नातलगांना युक्रेनी न्यायालयात जावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३१७ व्या कलमानुसार व्यापलेल्या भागातला जन्म किंवा मृत्यू न्यायालय ‘घडलेली वस्तुस्थिती’ म्हणून मान्य करते, आणि असा अर्ज आल्यावर निकालात दिरंगाई करायची नाही असा नियम आहे. वेढ्यात गेलेल्या आईचे दफन शेजाऱ्यांनी आवारातच केले असेल, तर मुलीला साक्षीदार आणि छायाचित्रे घेऊन न्यायाधीशापुढे ते सिद्ध करावे लागते. मदतकेंद्रातले वकील असे अर्ज लिहून देतात.

घराची मालकी हे दुसरे दुखणे. युक्रेनची स्थावर मालमत्तेची संगणकीय नोंदवही २०१३ पासून चालू आहे. त्याआधीच्या खरेदीच्या नोंदी शहरोशहरीच्या तांत्रिक मोजणी कचेऱ्यांत कागदावर होत्या. ज्यांनी त्या नोंदी संगणकावर चढवून घेतल्या नाहीत त्यांच्या मालकीचा पुरावा आता शत्रूच्या ताब्यातल्या कपाटात आहे. इकडे शहर व्यापलेले रशियन प्रशासन मारियुपोलमधील रिकाम्या सदनिकांच्या ‘बेवारस’ म्हणून याद्या लावते आणि मालकाने रशियन कागदपत्रांसह स्वतः हजर व्हावे, नाहीतर घर जाईल, असे बजावते. अशा याद्या मिळवून मालकांपर्यंत पोहोचवणे, हक्क युक्रेनी नोंदवहीत उतरवून घ्यायला लावणे आणि नुकसानीचा पुरावा जपून ठेवायला सांगणे हे विस्थापित परिषदेचे रोजचे काम झाले. भरपाईसाठी पडक्या घराची प्रत्यक्ष पाहणी लागते, आणि व्यापलेल्या शहरात पाहणी करायला कोणीच जाऊ शकत नाही, हा या लोकांवरचा दुहेरी अन्याय आहे.

शहरात मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. परिषद त्यांना नळ देऊ शकत नाही, औषध पोहोचवू शकत नाही. उघड संपर्क ठेवला तर संपर्क ठेवणाराच अडचणीत येतो. तरी महापौरांचे सल्लागार टेलिग्रामवरून शहरातली परिस्थिती, पाडकाम, पाणीटंचाई, नव्या दफनभूमी यांची माहिती सातत्याने देत राहिले. पत्रकारांना आत जाता येत नव्हते, त्यामुळे जगाला मारियुपोलबद्दल जे कळले त्यातला बराचसा भाग या वाटेने आला. ही माहिती युद्धातल्या एका पक्षाची आहे हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागते.

अधिकाऱ्यांनी शहर का सोडले, याचे उत्तर दक्षिण युक्रेनमधल्या इतर गावांत मिळते. युक्रेनमधला महापौर थेट जनतेतून निवडून येतो आणि महाराष्ट्रात महापालिका आयुक्ताकडे असते तशी कार्यकारी सत्ता त्याच्याच हाती असते. म्हणून व्यापणाऱ्या रशियन सैन्याने आधी महापौरांनाच गाठले. मेलितोपोलचे इवान फेदोरोव यांना ११ मार्च २०२२ रोजी डोक्यावर पिशवी घालून नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी लोक त्यांच्या सुटकेसाठी रस्त्यावर उतरले. १६ मार्चला नऊ रशियन युद्धकैद्यांच्या बदल्यात ते सुटले आणि झापोरिझ्झियातून शहराचे काम पाहू लागले. द्निप्रोरुद्नेचे महापौर येव्हेन मात्वेयेव यांना १३ मार्चला पकडले. त्यांचा मृतदेह २०२४ च्या अखेरीस परत मिळाला. खेरसनचे इहोर कोलिखायेव व्यापलेल्या शहरात थांबून कचरा, बस, पाणी सांभाळत राहिले. २८ जून २०२२ ला तेही पकडले गेले. अणुवीज केंद्राचे गाव असलेल्या एनेर्होदारचे महापौर द्मित्रो ओर्लोव यांनी बाहेर पडून झापोरिझ्झियातून काम केले.

आंतरराष्ट्रीय कायदा या संस्थांच्या बाजूने आहे, पण अर्धाच. १९०७ चे हेग नियम व्याप्त प्रदेशातले प्रचलित कायदे, अगदीच अशक्य नसेल तर, पाळायला सांगतात. चौथ्या जिनिव्हा कराराचे (१९४९) ५४ वे कलम प्रदेश व्यापणाऱ्या सत्तेला सार्वजनिक अधिकाऱ्यांचा दर्जा बदलण्यास आणि सदसद्विवेकामुळे काम नाकारणाऱ्यांना शिक्षा करण्यास मनाई करते. नगरपालिकेने बाहेर जाऊन काम चालवावे की नाही याबद्दल मात्र ते काही बोलत नाही. ते प्रत्येक देशाने स्वतःच्या कायद्यात ठरवायचे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियाबद्दल दिलेल्या अभिमतात एक माणुसकीची सूट आहे : बेकायदा सत्तेची कृत्ये अमान्य ठरली तरी जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी नाकारून सामान्य माणसाचे नुकसान करू नये. युक्रेनने ही सूट सरसकट न घेता न्यायालयाची वाट ठेवली आहे, आणि ती वाट म्हाताऱ्या, पैशाने गांजलेल्या माणसांना जड जाते.

पैशाचा प्रश्न नाजूक आहे. २०१४ नंतरच्या विकेंद्रीकरणाने युक्रेनच्या स्थानिक संस्थांना पगारावरील आयकराचा मोठा वाटा मिळाला. २०२२ पासून तो ६४ टक्के आहे. पण हा कर नोकरी देणाऱ्या मालकाच्या नोंदणीच्या गावाला जातो. कारखाने, दुकाने, शाळा दुसऱ्या गावात नोंदल्या गेल्या की विस्थापित परिषदेचे उत्पन्न आटते. जे उरते ते पगारांवर खर्च व्हावे की मदतीवर, यावरून युक्रेनमध्ये मोठा वाद आहे. गाव हातात नसताना अधिकाऱ्यांची फौज कशाला, असे विचारणारे लोक आहेत आणि हिशेब मागण्याचा त्यांना पुरता हक्क आहे. बऱ्याच ठिकाणी राष्ट्राध्यक्षांनी लष्करी प्रशासने नेमली आणि संसदेच्या ठरावाने परिषदांचे अधिकार त्यांच्याकडे गेले. त्याने निर्णय वेगाने होतात, पण मतदाराने निवडलेला माणूस बाजूला पडतो.

मतदानाची अडचण सर्वांत खोल आहे. युक्रेनमध्ये मार्शल लॉ असेपर्यंत निवडणुका होत नाहीत. २०२० मध्ये निवडलेल्या परिषदांची पाच वर्षांची मुदत उलटून गेली आहे. पुढे निवडणूक झाली तरी विस्थापिताने नव्या गावात मत द्यायचे की जुन्या? जुन्या गावाला मत दिले तर जेथे मुले शाळेत जातात त्या गावाच्या कारभारात आवाज नाही. नव्या गावाला दिले तर मारियुपोलची परिषद कोणी निवडायची?

सायप्रसने यावर काही दशकांपूर्वीच उत्तर शोधले आहे. १९७४ मध्ये तुर्की सैन्याने बेटाचा उत्तर भाग घेतल्यावर फामागुस्ता, किरेनिया, मॉर्फू यांसह नऊ नगरपालिका विस्थापित झाल्या. त्यांचे विस्थापित मतदार आजही आपल्या गावाचा महापौर निवडतात. फामागुस्ताची नगरपालिका लिमासॉलमधून चालते. शहरातला वरोशा हा भाग दशकानुदशके तारांच्या कुंपणात ओस पडून होता. मूळ रहिवाशांखेरीज इतरांनी तेथे वस्ती करणे अमान्य आहे, असे सुरक्षा परिषदेच्या १९८४ च्या ५५० व्या ठरावात म्हटले आहे, आणि या ठरावाचा पाठपुरावा ही नगरपालिका करत आली आहे. २०२० मध्ये वरोशाचा काही भाग उघडला गेला तेव्हा तिने विरोध नोंदवला. तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात तुर्की सायप्रियटांची वेगळी नगरपालिका आहे. दोन्ही बाजूंच्या महापौरांनी काही काळ एकत्र कामही केले. त्यांचे भांडण एका नकाशावर असले तरी दोघांचे शहर एकच होते.

परतीचा अनुभव युक्रेनमध्ये मुख्यतः खेरसनला मिळाला. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी युक्रेनी सैन्य शहरात शिरले तेव्हा वीज, पाणी, उष्णता, मोबाइल काहीच चालू नव्हते, आणि निवडून आलेले महापौर कैदेत होते. परिषदेच्या सचिव हालिना लुहोवा नगराच्या लष्करी प्रशासनाच्या प्रमुख म्हणून काम पाहत होत्या. १९ नोव्हेंबरला कीवहून पहिली रेल्वे आली. द्निप्रो नदीपलीकडून तोफांचा मारा सुरू होताच. त्यामुळे परतलेल्या प्रशासनाला पहिल्याच हिवाळ्यात एकीकडे वीज-पाणी जोडावे लागले आणि दुसरीकडे, ज्यांच्यासाठी ते परतले होते त्या रहिवाशांना पुन्हा शहराबाहेर नेण्याच्या गाड्या सोडाव्या लागल्या.