नाव बांधली की नाव बांधलं?

ऑगस्टात सांगलीत कुणी नुसतं "किती झालं?" म्हणालं, की उत्तर फुटांत येतं. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि विचारणारा तिच्याबद्दलच विचारतोय हे सांगावं लागत नाही. मार्चमध्ये मंडईत हाच प्रश्न केला, तर उत्तर रुपयांत.

परवा भाचीच्या मराठीच्या सरावात एक उतारा होता. 'पूर ओसरला. अण्णांनी नाव काठाला बांधली. गाठ सोडली, पुन्हा बांधली. घराकडं मात्र बघितलं नाही.'

'नाव' म्हणजे होडी, हे तिनं क्षणात लिहिलं. त्या क्षणात मेंदू काय करतो, हे डेव्हिड स्विनी यांनी 1979 मध्ये तपासलं. दोन अर्थांचा शब्द कानावर पडला की संदर्भ कितीही स्पष्ट असला तरी आधी दोन्ही अर्थ जागे होतात. जेमतेम तीन अक्षरं पुढं जाईतो नको असलेला मावळतो. म्हणजे पुराच्या गोष्टीतही 'नाव' वाचताना नाव-आडनाव डोकावून गेलं असणार. मराठीत तर शेवटचं क्रियापदही मदतीला येतं. 'बांधली' म्हटलं की होडी पक्की, कारण आपलं दुसरं नाव नपुंसकलिंगी.

शब्द अगदीच बसला नाही, तर मेंदू ठेच लागल्यासारखा दचकतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी 1980 मध्ये लोकांना 'त्यानं गरम पावाला मोजे लावले' अशा धाटणीची वाक्यं वाचायला दिली. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी त्या 'मोज्यां'नंतर सुमारे 400 मिलिसेकंदांनी एक ठळक लहर टिपली. अर्धा सेकंदही नाही.

पुढचा प्रश्न होता, अण्णांच्या मनात काय चाललं असेल? इथं ही चपळाई उपयोगाची नाही, कारण उताऱ्यात भावनेचा एकही शब्द नाही. रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी 2003 मध्ये दाखवलं, की एखाद्या माणसाला एक वाटतंय आणि प्रत्यक्षात दुसरंच आहे, अशी गोष्ट वाचताना कानाच्या थोडं वर आणि मागं असलेला मेंदूचा भाग जास्त काम करू लागतो. जुन्या फोटोत एक दिसतं आणि प्रत्यक्षात आता दुसरंच आहे, अशा गोष्टीला तो तितकी दाद देत नाही. दोन्हीकडं जुळवाजुळव सारखीच, फरक फक्त मनाचा.

साहित्य वाचल्यानं दुसऱ्याचं मन ओळखायची ही समज लगेच वाढते, असा एक प्रयोग 2013 मध्ये खूप गाजला. नंतर इतरांनी करून पाहिला तर निकाल टिकला नाही. आम्हा वाचणाऱ्यांना तो खरा निघायला हवा होता, पण असो.

भाचीनं लिहिलं होतं, 'गाठ नीट बसली नव्हती.' गाइडमध्ये उत्तर होतं, 'अण्णा दुःखी झाले.' मला तिचंच बरं वाटलं. निदान तिनं अण्णांचे हात तरी पाहिले होते. मी विचारलं, "नावाड्याला गाठ मारता येत नाही होय?"

तिनं पेन्सिलीचं टोक चावलं. मग म्हणाली, "मामा, गाठ झाली असती तर घरी जावं लागलं असतं ना."