मोटर आणि डायनामो: चुंबक तेच, मग फरक कुठे?

जुन्या सायकलींना बाटलीच्या आकाराचा डायनामो असायचा. खटका दाबला की त्याचं डोकं टायरला टेकायचं, दिवा लागायचा आणि पॅडल जड व्हायचं. हे ‘जड होणं’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तो डायनामो आणि खेळण्यातल्या गाडीची छोटी मोटर शेजारी शेजारी उघडून ठेवली, तर वीज कोण खातं आणि कोण देतं हे नुसतं बघून सांगता येत नाही. दोन्हीत चुंबक, दोन्हीत तांब्याच्या तारेची गुंडाळी. मोटरीत चुंबकं डबीला आतून चिकटवलेली असतात आणि गुंडाळी फिरते. डायनामोत उलट, चुंबक फिरतं आणि गुंडाळी जागेवर. मग फरक हाच का? नाही. नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरीच्या) पंख्यात फिरतात ती चुंबकं, आणि तो पक्का मोटरच आहे. कोण फिरायचं ही बनवणाऱ्याची सोय.

खरा फरक आपण आत काय घालतो, यात आहे. चुंबकाच्या प्रभावातल्या तारेतून वीज सोडली की तारेला आडवा रेटा बसतो. ही मोटर. तीच तार आपण हाताने रेटली, तर तारेतले विद्युतभार तारेच्या लांबीच्या दिशेने ढकलले जातात. हा डायनामो, म्हणजे जनित्र. मायकेल फॅरडेने पहिली गोष्ट 1821 मध्ये दाखवली, दुसरीला 1831 उजाडलं. दहा वर्षं का लागली? गुंडाळीशेजारी चुंबक नुसतं ठेवून काहीच होत नाही, ते हलावं लागतं. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात झेनोब ग्राम या बेल्जियन अभियंत्याच्या एका जनित्राची वीज दुसऱ्या जनित्राला जोडली, तर ते दुसरं चक्क मोटर होऊन फिरू लागलं.

चुंबकातून ऊर्जा मिळते असा समज मात्र चिवट आहे. ‘चुंबकावर चालणारं फुकट जनित्र’ दाखवणारे व्हिडिओ त्याच्याच जिवावर चालतात. चुंबक मध्यस्थ आहे, ते पदरचं काही घालत नाही. सायकलच्या दिव्याचं बिल पाय भरतात. दिवा लागला की गुंडाळीतून वीज वाहते आणि वीज वाहणारी तार चुंबकात आली की तिला रेटा बसणारच, तोही आपल्या फिरवण्याच्या विरुद्ध. म्हणजे डायनामोच्या पोटात एक मोटर उलटी ओढत असते. पॅडल जड होतं ते म्हणून.

याचीच दुसरी बाजू मिक्सरमध्ये दिसते. (त्यात कायमचं चुंबक नसतं, गुंडाळ्याच चुंबकाचं काम करतात.) फिरणारी मोटर स्वतःही थोडं जनित्राचं काम करते आणि येणाऱ्या विजेला उलटा दाब देते. खोबरं अडकून पातं थांबलं की तो उलटा दाब नाहीसा होतो, प्रवाह एकदम वाढतो आणि गुंडाळी तापते. मिक्सरच्या बुडाशी असलेलं लाल बटण उडतं ते तिला वाचवायला. थांबलेली मोटर फिरणाऱ्या मोटरीपेक्षा जास्त वीज खाते, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

कोयनेसारख्या मोठ्या जलविद्युत केंद्रात फिरणाऱ्या भागावर विद्युतचुंबकं असतात. त्यांना सुरुवातीला थोडी एकदिश (डीसी) वीज बाहेरून द्यावी लागते. वीज बनवायला आधी वीज! पण सोय मोठी आहे: त्या विजेचा प्रवाह कमी-जास्त केला की चुंबक कमी-जास्त जोरकस होतं आणि व्होल्टेज हवं तिथे ठेवता येतं. कायमच्या चुंबकाचा जोर असा बदलता येत नाही. विजेवरच्या छोट्या स्कूटरच्या मोटरीत मात्र कायमचं चुंबकच परवडतं, कारण चुंबक बनवण्यासाठी वेगळी वीज खर्च होत नाही.

मुंबईच्या नव्या लोकलमध्ये तर मोटर आणि जनित्र ही दोन्ही नावं एकाच यंत्राला लागू होतात. स्टेशन सोडताना तिच्या मोटरी वरच्या तारेतून वीज घेतात. पुढचं स्टेशन जवळ आलं की त्याच मोटरी जनित्र होऊन गाडीला मागे खेचतात, आणि निघालेली वीज त्याच तारेत परत जाऊन मार्गावरची दुसरी लोकल ओढते.