मेणबत्तीच्या ज्योतीतून किती वीज मिळते?

एका मेणबत्तीवर घरभर वीज पुरवता येते, असा दावा वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. ज्योतीपासून वीज मिळते, हे खरेच आहे: थर्मोइलेक्ट्रिक पट्टीची एक बाजू तापवून दुसरी थंड ठेवली की विद्युतदाब निर्माण होतो, आणि हा परिणाम १८२१ पासून ठाऊक आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. पेटवण्यापूर्वी आणि तासाभराने मेणबत्तीचे वजन केल्यास साधारण ६ ग्रॅम मेण जळालेले आढळेल. ग्रॅममागे सुमारे ४३ किलोज्यूल धरले, तर उष्णता जेमतेम ७० वॅट भरते. तिचा मोठा भाग हवेत जातो, उरलेल्यातील काही टक्क्यांचीच वीज होते आणि हाती फार तर एक-दोन वॅट येतात. एवढ्यावर छोटा एलईडी दिवा लागतो, पंखा नव्हे. पडताळताना नुसते व्होल्ट पाहू नयेत. दिवा जोडलेला असताना व्होल्ट आणि अँपिअर मोजून त्यांचा गुणाकार करावा.