दत्तक मूल, दोन पालक आणि कागदावर एकच नाव

दत्तकविधानाच्या कायद्यांनी बराच काळ दोनच प्रकारचे अर्जदार ओळखले: विवाहित जोडपं किंवा एकटी व्यक्ती. समलिंगी जोडप्यांना लग्नच करता येत नसे, त्यामुळे दोघांपैकी एकजण ‘एकटा’ म्हणून अर्ज करी. मूल दोघांच्या मायेत वाढे, पण कायद्यासाठी दुसरा पालक परकाच. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर त्याची सही चालेल याची खात्री नसे. कागदावरचा पालक वारला किंवा दोघं वेगळे झाले, तर त्याला मुलाचा ताबा मागणंही कठीण होई. आणि मुलाला त्याचा वारसा आपोआप मिळत नसे. पुढची कायदेशीर लढाई मुख्यतः या दुसऱ्या पालकाची आहे.

काही ठिकाणी तर पहिल्यालाही मज्जाव होता. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १९७७ मध्ये समलिंगी व्यक्तींना दत्तक घ्यायला बंदी घातली. त्याच राज्यात हीच माणसं अनाथ मुलांचा तात्पुरता सांभाळ मात्र करू शकत होती. मुलांच्या हितासाठी ही बंदी होती, हे मला पटत नाही. २०१० मध्ये न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

वाट आधी न्यायालयांतूनच निघाली. १९९३ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयांनी जन्मदात्या आईचा हक्क कायम ठेवून तिच्या जोडीदारणीलाही दत्तकाने आई होऊ दिलं. डेन्मार्कने १९९९ मध्ये जोडीदाराचं मूल दत्तक घेण्याची मुभा दिली. नेदरलँड्समध्ये २००१ पासून विवाह आणि संयुक्त दत्तक दोन्ही शक्य झाले. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००२ मध्ये संयुक्त दत्तकाचा हक्क मान्य केला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र त्याच वर्षी एका फ्रेंच अर्जदाराला नकार उचलून धरला आणि २००८ मध्ये, तशाच दुसऱ्या प्रकरणात, नकार म्हणजे भेदभाव असल्याचं सांगितलं.

भारतात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा मतांनी अविवाहित जोडप्यांना संयुक्त दत्तक नाकारणारा नियम कायम ठेवला. म्हणजे इथे अजूनही एकट्यानेच अर्ज करायचा.

जिथे दोघांची नावं लागतात, तिथेही प्रवासात किंवा स्थलांतरात अडचण येते. जॉर्जियात मंजूर झालेलं दत्तक अलाबामाने नाकारलं, तेव्हा २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला ते मानायला लावावं लागलं. म्हणूनच तिथले वकील आजही, जन्मदाखल्यावर दोघांची नावं असली तरी, दुसऱ्या पालकासाठी दत्तकाचा न्यायालयीन आदेश घेऊन ठेवायला सांगतात. दाखल्यावर दुसरं राज्य शंका घेऊ शकतं. न्यायालयाचा आदेश डावलणं त्याला सोपं नसतं.