आधी तेल सुटावं, मग रस्सा फाटू नये

दाट, मलईदार चिकन करायला घेतलं की घरातलं जाणतं माणूस दोन सूचना हमखास देतं. पहिली, ‘मसाला तेल सुटेपर्यंत परत.’ आणि पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी, ‘आता जपून, दही फाटेल.’ कितीतरी वर्षं या दोन सूचना मी निमूटपणे पाळल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. पण दोन्हींचा विषय एकच आहे: एकत्र असलेलं वेगळं होणं. एकाच कढईत, एकाच स्वयंपाकात, सुरुवातीला ते वेगळं होणं आपल्याला हवं असतं आणि नंतर तेच टाळायचं असतं. हे लक्षात आल्यापासून माझं चिकन बिघडायचं जवळपास थांबलं.

इथे मी ज्या चिकनबद्दल लिहितो आहे त्यात कांदा-टोमॅटोचा मसाला, दही, काजूची पेस्ट आणि शेवटी साय किंवा क्रीम आहे. हॉटेलांतून घराघरांत पोचलेल्या या प्रकाराचं कूळ दिल्लीच्या मुर्ग मखनीशी, म्हणजे बटर चिकनशी, जुळतं. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये चालवलेल्या मोती महल या हॉटेलामुळे ती देशभर गेली. ती मुळात कोणी केली, हा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोचला. तो तिथेच राहू दे, आपण कढईकडे वळू.

कांद्यापासून सुरुवात करू. कांद्यात वजनाच्या जवळपास ८९ टक्के पाणी असतं. अर्धा किलो कांदा चिरून तेलात टाकला, म्हणजे सुमारे ४४० ग्रॅम पाणीच टाकलं. टोमॅटोत तर पाण्याचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या आसपास. आणि कढईत पाणी आहे तोवर खाली आच कितीही मोठी असो, मसाल्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हा खर्चही लहान नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७० कॅलरी लागतात, पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. कांदा परतायला एवढा वेळ का लागतो, त्याचं कारण या आकड्यात आहे. पंधरा मिनिटांचं काम पाच मिनिटांत उरकायला गेलं की कांद्याच्या कडा करपतात आणि आत पाणी तसंच राहतं.

पाणी आटत आलं की मग खरी गंमत सुरू होते. तापमान १००च्या पुढे सरकतं, १२०-१४० अंशांकडे जाऊ लागतं, आणि कांद्यातली साखर व अमिनो आम्लं एकमेकांशी झपाट्याने अभिक्रिया करू लागतात. ही मेलार्ड अभिक्रिया. लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाकरीचे डाग, भाजलेले शेंगदाणे, भाजलेली कॉफी, सगळ्यांचा खमंगपणा हिच्यातून येतो. ती एकच अभिक्रिया नाही, शेकडो रेणू जन्माला घालणारी अभिक्रियांची साखळी आहे. म्हणूनच उकडलेला कांदा आणि परतलेला कांदा हे चवीला दोन वेगळे पदार्थ वाटतात.

आता तेल सुटण्याकडे येऊ. आलं-लसूण, कांदा, टोमॅटो असं सगळं तेलात घातलं की सुरुवातीला तेल गायब झाल्यासारखं दिसतं. ते कुठे जात नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ओल्या मसाल्यात विखुरतात, आणि वाटलेल्या मसाल्याचे कण व त्यातले चिकट रस ते थेंब धरून ठेवतात. नुसत्या लसणाच्या पेस्टमध्ये तेल थेंबाथेंबाने घोटलं तर पांढरं दाट मलम तयार होतं, इतकी लसणाची ही ताकद आहे. पण तेलाचे थेंब वेगळे राहतात ते मध्ये पाणी असतं म्हणून. परतता परतता ते पाणी उडून जातं, थेंब एकमेकांत मिसळतात आणि कढईच्या कडेला तेल चमकू लागतं. याचा अर्थ सरळ आहे: पाणी संपलं, तापमान वर गेलं, कच्चा वास गेला. घरात थर्मामीटर नसलेल्या असंख्य स्वयंपाक्यांनी शोधून काढलेला हा थर्मामीटर आहे, आणि तो उत्तम चालतो. कान दिला तर आवाजही बदललेला कळतो. रटरट थांबून बारीक चरचर सुरू होते.

मसाल्याची पूड याच सुमारास घालायची, त्यालाही कारण आहे. हळदीतलं कर्क्युमिन, मिरचीतलं कॅप्सेसिन, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीचा वास देणारं सिनॅमाल्डिहाइड, हे सगळे रेणू पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज विरघळतात. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. म्हणून तर मिसळीवरची तर्री रश्श्याहून लाल असते. मात्र मोकळ्या गरम तेलात पूड काही सेकंदांत जळते. चमचाभर पाणी शिंपडलं की तापमान पुन्हा १००च्या आसपास येतं आणि मसाला वाचतो.

इथवर वेगळं होणं हवं होतं. यापुढे उलटं. आता तेल पुन्हा पाण्यात बारीक विखुरलेलं हवं आणि ते तसंच राहायला हवं, कारण जिभेला जो मलईदारपणा वाटतो तो हाच. एखाद्या रश्श्यात तेल भरपूर आहे पण वर तवंग होऊन तरंगतंय, तर तो तेलकट लागतो. तेवढंच तेल काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबांत विखुरलं तर तोच रस्सा रेशमी लागतो. डोळ्यांनाही फरक दिसतो. हे थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात, आणि दूध पांढरं दिसतं तेही याच कारणाने. मिरची-टोमॅटोचा लाल रंग आणि थेंबांचा पांढरेपणा मिळून मखनी ग्रेव्हीचा तो ओळखीचा केशरी रंग बनतो.

थेंबांइतकेच घन कणही महत्त्वाचे. साधारण ३० मायक्रॉनहून मोठे टणक कण जिभेला खरखरीत जाणवतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज यावा. मिक्सरमधून काढलेला मसाला चाळणीतून गाळून घ्यायची हॉटेलातली पद्धत त्यासाठीच आहे. घरी रोजच्याला एवढं कोण करणार, पण काजू मात्र अर्धा तास गरम पाण्यात भिजवून अगदी गंधासारखे वाटावेत.

काजू या कामात फार गुणी आहे. त्यात ४५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, १८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि शिवाय बऱ्यापैकी स्टार्च असतं. स्निग्धांशामुळे रेशमीपणा येतो, प्रथिनं थेंबांभोवती आवरण धरतात, आणि स्टार्च ६०-७० अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगतं व रस्सा दाट करतं. बदामात स्टार्च नगण्य असतं, म्हणून बदामाची पेस्ट काजूइतकी पटकन आळत नाही. हे झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्याच्या किनाऱ्यावर आणलं. आज ज्याला आपण शाही म्हणतो, त्या ग्रेव्हीचा कणा असा समुद्रापलीकडून आलेला आहे.

आता दही. एकदा पाहुणे दाराशी आलेले असताना मी फ्रिजमधलं दही थेट उकळत्या मसाल्यात ओतलं होतं. मिनिटभरात पांढरे रवाळ कण आणि पिवळसर पाणी वेगवेगळं दिसू लागलं. असं का होतं हे समजायला दूध पाहावं लागतं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन. त्याचे रेणू एकत्र येऊन १००-२०० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) गोळे करून असतात. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), ६.७च्या आसपास असतो. तिथे या गोळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. विरजण लागलं की जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, पीएच ४.६च्या आसपास उतरतो, तो भार नाहीसा होतो आणि गोळे हातात हात घालून एक नाजूक जाळं विणतात. त्या जाळ्यात पाणी अडकतं. ते म्हणजे दही.

हे जाळं तापवलं की आवळतं. ओलं फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर पडतं, आणि खळखळ उकळीत जाळ्याचे तुकडे होऊन दाणे बनतात. दही फाटलं म्हणतो ते हेच. दुधाचं दुखणं थोडं वेगळं आहे. टोमॅटोचा पीएच ४.३ ते ४.६ असतो, त्यामुळे आंबट मसाल्यात साधं दूध ओतणं म्हणजे पनीर करायला घेणंच.

दही फाटू नये याचा उपाय आपल्याकडे प्रत्येक घरात आहे, फक्त तो कढीच्या पातेल्यात आहे. कढी उकळली तरी टिकते ती बेसनामुळे. बेसनातलं स्टार्च फुगतं, रस्सा दाट होतो आणि केसीनचे तुकडे एकमेकांना भेटायला लागणारी वाट अडते. चिकनमध्येही तेच करावं. वाटीभर दह्याला चमचाभर बेसन किंवा काजूची पेस्ट लावून छान फेटायचं. दही फ्रिजमधलं नको, खोलीच्या तापमानाला आलेलं हवं. आच मंद करून आधी कढईतला चमचाभर तापलेला मसाला दह्यात मिसळायचा, मग दही थोडं थोडं कढईत, आणि पहिला बुडबुडा येईपर्यंत ढवळत राहायचं. पाणी काढलेलं घट्ट दही किंवा मलईचं दही अधिक सोसतं.

क्रीम मात्र सहसा फाटत नाही. आपल्याकडे डब्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. त्या मानाने केसीन थोडं, आणि त्यातलं बरंचसं चरबीच्या थेंबांभोवती गुंतलेलं. गोळा व्हायला मोकळं केसीन फारसं उरतच नाही. तापवलेल्या दुधावरच्या सायीचं तसं नाही. तिच्यात उष्णतेने गोठलेली प्रथिनं आधीच असतात, म्हणून ती तशीच टाकली तर रश्श्यात तंतू दिसतात. मिक्सरमधून एकदा फिरवून घेतली की प्रश्न मिटतो.

आणि एवढं करूनही फाटलंच, तर टाकून देऊ नये. चिकनचे तुकडे बाजूला काढावेत, रस्सा कोमट होऊ द्यावा, दोन चमचे काजूची पेस्ट घालून मिक्सरमध्ये फिरवावा. दाणे बारीक होतात आणि काजू त्यांना धरून ठेवतो. कोमट होऊ देणं मात्र गरजेचं. उकळता रस्सा बंद भांड्यात फिरवला तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतात.

मलईदारपणासाठी दूधदुभतं लागतंच असं नाही, हे महाराष्ट्राला कोणी सांगायची गरज नाही. कोल्हापूरचा पांढरा रस्सा पाहा. मटणाचं किंवा चिकनचं आळणी पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. क्रीमचा थेंब नाही. नारळाचं दूधही तेलाच्या थेंबांचं मिश्रणच आहे. ते थेंब नारळाच्या प्रथिनांनी धरलेले असतात, आणि ही प्रथिनं ८० अंशांच्या पुढेमागे विस्कटतात. म्हणून कोकण-गोव्यात पातळ दुधात शिजवतात आणि पहिलं जाड दूध अगदी शेवटी घालतात. ते घातल्यावर एक कढ येऊ लागताच खाली उतरवायचं. माझ्या मते दह्या-क्रीमच्या ग्रेव्हीपेक्षा हा रस्सा करायला जास्त कठीण आहे, आणि जास्त चांगलाही.

कोंबडीबद्दल इतकं लिहून झाल्यावरही कोंबडी राहिलीच. तिच्या मांसात ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पन्नास अंशांच्या आसपास मायोसिन हे प्रथिन आपला आकार सोडू लागतं आणि मांस घट्ट होतं, ६६ ते ७३ अंशांत अ‍ॅक्टिनची पाळी येते आणि पाणी भराभर बाहेर पडतं. छातीचा तुकडा जास्त शिजला की चोथा होतो तो इथे. तंगडीत कोलॅजन हे चिवट प्रथिन जास्त, ते हळूहळू वितळून जिलेटिन होतं आणि रश्श्याला अंग देतं. म्हणून अशा रश्श्याला हाडासकट तंगडीच घ्यावी. तुकड्याच्या मधोमध ७४ अंश झाले की जंतूंचं भय राहत नाही. पाच-सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरला मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, वर्षभर हिंडलेल्या गावठी कोंबडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ द्यावा लागतो. आदल्या रात्री दह्यात मुरवल्याने दही आतपर्यंत जातं ही समजूत मात्र खरी नाही. ते काही मिलिमीटरच शिरतं. आत जातं ते मीठ. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये, तिच्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात.

कसुरी मेथी सगळ्यात शेवटी, तळहातावर चुरडून. तिचा वास देणारा सोटोलोन हा रेणू चिमटीभर पानांतूनही जाणवतो, पण जास्त मेथी झाली की कडवटपणा वर येतो.

रविवारचं उरलेलं चिकन सोमवारी फ्रिजमधून काढलं की थलथलीत गोळा झालेला दिसतो. हाडांतलं जिलेटिन थिजलेलं, स्टार्च आळलेलं, लोणी गोठलेलं. ते तसंच मोठ्या आचेवर ठेवलं तर कडेचा भाग उकळून फाटतो आणि मधला गारच राहतो. दोन-तीन चमचे गरम पाणी घालावं, झाकण ठेवून मंद आचेवर ठेवावं, आणि गोळा विरघळेपर्यंत डाव कढईच्या तळापर्यंत फिरवत राहावं.